दादाचा गुडघा कधी दुखलाच नव्हता

(वाचकाचे पत्र संक्षिप्त केले असून ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.)

प्रश्न : माझे वय २७ वर्षे. मी मध्यम पल्ल्याची धावपटू आहे. ८०० आणि १५०० मीटर या माझ्या शर्यती. गेल्या मोसमात मला पहिले आंतरराष्ट्रीय पदक मिळाले. माझा दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. तोही धावायचा, किंबहुना त्याच्या मागे मागे मैदानावर जाऊनच मी धावायला शिकले. १९ वर्षांचा असताना त्याने अचानक धावणे सोडले आणि नोकरी धरली. गुडघा गेला, एवढेच कारण सगळ्यांना माहीत होते. पदकानंतर एका सत्काराला त्याचे जुने प्रशिक्षक आले होते. बोलता बोलता त्यांनी सांगितले की, त्याच्या गुडघ्याला काहीही झाले नव्हते. एका निवासी प्रशिक्षण केंद्रात त्याची निवड झाली होती. पण त्याच सुमारास बाबांचे काम सुटले, आणि दोघांचा खर्च घराला झेपणार नाही हे ओळखून त्याने स्वतःच नकार कळवला. "तिची वेळ माझ्यापेक्षा चांगली येईल," असे तो तेव्हा प्रशिक्षकांना म्हणाला होता म्हणे. आई-बाबांना हे ठाऊक आहे की नाही, मला माहीत नाही. मी दादाला विचारले तर तो हसला, "जुनं काय उकरत बसलीस," म्हणाला आणि माझ्या पुढच्या स्पर्धेच्या तिकिटांचे बोलू लागला. आजही माझ्या प्रवेशिका, प्रवास, फिजिओच्या वेळा, डोपिंग चाचणीसाठी द्यावा लागणारा ठावठिकाणा, प्रायोजकांशी बोलणी हे सगळे तो नोकरी सांभाळून पाहतो. त्याचे लग्न झाले आहे, तीन वर्षांची मुलगी आहे. सत्कारांत तो मागच्या रांगेत माझी बॅग मांडीवर घेऊन बसलेला असतो. मला आता त्या पदकाकडे पाहवत नाही. बक्षिसातली अर्धी रक्कम देऊ केली, ती त्याने घेतली नाही. पुढच्या महिन्यात एक मोठा सत्कार आहे. तेथे व्यासपीठावरून सगळे सांगून टाकावे आणि पदक त्याच्या गळ्यात घालावे, असे मनात येते. हे योग्य होईल का? आणि त्याचे हे ऋण मी फेडायचे तरी कसे?

उत्तर : तुमच्या दोन प्रश्नांपैकी पहिला तारखेशी बांधलेला आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देते. दादाची स्पष्ट संमती नसेल, तर व्यासपीठावरून हे सांगू नका.

ही गोष्ट त्याने बारा वर्षे स्वतःपाशी ठेवली आहे. इतकी वर्षे माणूस एखादी गोष्ट लपवतो तेव्हा त्यामागे बहुधा कोणाला तरी वाचवायचे असते. तुम्ही बहुधा गृहीत धरले असेल की त्याला तुम्हाला अपराधी वाटण्यापासून वाचवायचे होते. पत्र वाचताना माझ्या मनात मात्र तुमच्या बाबांचा विचार अधिक आला. आपले काम सुटले आणि त्यापायी मुलाला हातात आलेली संधी सोडावी लागली, हे ज्या बापाला कळेल त्याच्या जिवाला किती लागेल, हे १९ वर्षांच्या मुलाने ओळखले असेल आणि म्हणून त्याने दोष गुडघ्यावर ढकलला असेल, ही शक्यता तुम्ही ध्यानात घेतली आहे का? आई-बाबांना यातले काही ठाऊक नसेल, तर भरल्या सभागृहात, कॅमेरे रोखलेले असताना, ते त्यांना पहिल्यांदा ऐकावे लागेल. त्या क्षणी टाळ्या वाजतील, लोकांचे डोळे पाणावतील, दुसऱ्या दिवशी छायाचित्रही छापून येईल. पण त्या छायाचित्रातल्या तीन माणसांना काय वाटते आहे, हे त्यांना कोणीही विचारलेले नसेल.

दुसरे असे की, पदक गळ्यात घातल्यावर दादाला तेथे उभे राहून हसण्यावाचून गत्यंतर उरणार नाही. त्याला ते नको असले तरी तो हजार लोकांसमोर नाही म्हणू शकणार नाही. बारा वर्षांपूर्वी त्याने एक निर्णय स्वतःचा स्वतः घेतला होता. निदान त्याची हकीकत कोणाला, कधी आणि किती सांगायची, हा अधिकार त्याच्याकडेच राहिला पाहिजे.

कदाचित तुमच्या डोळ्यांसमोर सचिन तेंडुलकर यांचे निरोपाचे भाषण असेल. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडे स्टेडियमवर बोलताना, आपले थोरले बंधू अजित यांनी आपल्या क्रिकेटसाठी स्वतःच्या कारकिर्दीचा त्याग केला, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. अकराव्या वर्षी आपल्याला आचरेकर सरांकडे तेच घेऊन गेले, हे स्वप्न आम्ही दोघे मिळून जगलो, असेही ते म्हणाले. त्याच भाषणात त्यांनी सांगितले की, पुन्हा फलंदाजी मिळण्याची शक्यता जवळजवळ नव्हती, तरीही आदल्या रात्री अजित यांनी फोन करून सचिन बाद कसे झाले याची चर्चा केली. ते भाषण ऐकताना कोणाला अवघडल्यासारखे झाले नाही, याचे कारण त्यात कोणाचे गुपित फुटले नव्हते. धाकट्या भावाच्या खेळातला अजित यांचा वाटा त्या दोघांना, त्यांच्या घराला आणि क्रिकेट जवळून पाहणाऱ्या प्रत्येकाला आधीपासून माहीत होता. सचिन यांनी फक्त त्यावर जाहीर मोहर उमटवली. तुमच्या दादाने आपला वाटा दडवला आहे, म्हणून तुमची गोष्ट निराळी.

याचा अर्थ व्यासपीठावर त्याचे नावच घेऊ नये, असा नाही. सगळ्यांनी जे पाहिले आहे ते सांगायला कोणाच्या परवानगीची गरज नाही: तुम्हाला मैदानावर त्याने नेले, पहिली वर्षे तो तुमच्यासोबत धावला, गेली कित्येक वर्षे तुमच्या प्रत्येक स्पर्धेची तयारी त्याने केली. एवढेही आजवर कोणत्या भाषणात तुम्ही नीट, सविस्तर सांगितले आहे का? पत्रावरून तसे वाटत नाही. 'घरच्यांचा पाठिंबा' या दोन शब्दांत खेळाडू जे उरकतात, ते तुम्ही दोन मिनिटे घेऊन, कामांची नावे घेऊन सांगा. तेवढ्यानेही खूप होईल. आणि तेही बोलण्यापूर्वी त्याला आदल्या दिवशी वाचून दाखवा.

आता पदकाविषयी. दादा थांबला नसता तर मी येथवर पोहोचले नसते, असे तुमच्या मनात असणार. हे खरे असू शकते. पण म्हणून हे पदक त्याचे, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. १५०० मीटरच्या शेवटच्या वळणावर पाय जड झालेले असताना वेग वाढवण्याचे जे काम असते, ते तुमच्याऐवजी दुसरे कोणीही केलेले नाही. दादाने एक जागा रिकामी केली. त्या जागेवर बारा वर्षे रोज पहाटे उठून तुम्ही उभ्या राहिलात. त्याच्या बाजूनेही विचार करा. १९ व्या वर्षी त्याने तुमच्यावर भरवसा ठेवला आणि तो भरवसा खरा ठरला. आता तुम्हीच त्या पदकाकडे पाहायचे बंद केले, तर ज्या एका गोष्टीतून त्याचा निर्णय सार्थ ठरला होता, तीच तुम्ही त्याच्यापासून काढून घेत आहात.

तुमची अपराधी भावना एवढी मोठी का आहे, याचाही विचार केला पाहिजे, कारण तुम्ही काहीही चुकीचे केलेले नाही. तेव्हा तुम्ही १५ वर्षांच्या होतात. तुम्ही मागितले नव्हते, तुम्हाला विचारलेही नव्हते. येथे मला एक वेगळे उदाहरण आठवते. ट्रेसी आणि लॅनी बार्न्स या अमेरिकेच्या जुळ्या बहिणी बायथलॉन खेळत. या खेळात बर्फावरील स्कीइंग आणि नेमबाजी एकत्र असते. २०१४ च्या सोची हिवाळी ऑलिंपिकच्या निवड स्पर्धांच्या वेळी लॅनी आजारी पडली आणि काही शर्यतींना मुकली, तर ट्रेसीने संघातली जागा मिळवली. ट्रेसीने मग आपली जागा नाकारली, आणि ती जागा लॅनीकडे गेली. तो निर्णय एका सज्ञान, अनुभवी खेळाडूने घेतला होता आणि बहिणीला तिने तो तोंडावर सांगितला होता. लॅनीला आश्चर्य वाटायला, रडायला, वाद घालायला आणि 'मला हे नको' म्हणायला वाव होता. तिने ती जागा स्वीकारली, ती सगळे माहीत असताना. तुम्हाला असा वाव मिळाला नाही. तुमच्या वाट्याला एक मोठी भेट आली, पण ती भेट आहे हे तुम्हाला बारा वर्षांनी, तेही तिसऱ्याच माणसाकडून कळले. त्यामुळे कृतज्ञतेबरोबर तुमच्या मनात थोडा रागही असेल, तर त्याची लाज बाळगू नका. माझ्या नावावर एवढी मोठी गोष्ट मला न सांगता का केलीस, असे आपल्या माणसाला विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे. मात्र ते आज विचारू नका. आधी त्याचे ऐकून घ्या.

हे सगळे एका १९ वर्षांच्या मुलाने एकट्याने का ठरवले, हा प्रश्न मला त्याच्या त्यागाच्या थोरवीपेक्षा महत्त्वाचा वाटतो. उच्च दर्जाच्या खेळासाठी लागणारा पैसा आणि वेळ फार थोडी घरे दोन मुलांसाठी एकाच वेळी काढू शकतात. कॅनडातील संशोधक जाँ कोते यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, उच्च पातळीवर खेळणाऱ्या किशोरवयीन खेळाडूंच्या चार कुटुंबांशी सविस्तर बोलून घरातल्या प्रत्येकाची भूमिका टिपली होती. लहानपणी सगळी भावंडे निरनिराळे खेळ खेळून पाहतात, पुढे एकाचा खेळ निश्चित होतो आणि मग घराचा दिनक्रम त्याच्याभोवती फिरू लागतो. त्या टप्प्यावर खेळाडूची जुळी किंवा धाकटी भावंडे कडवट होताना आणि मत्सर करताना दिसली, तर थोरल्या भावंडांची मेहनत खेळाडूला उदाहरण म्हणून उपयोगी पडली, असे त्यात आढळले. चार कुटुंबांवरून सगळ्या जगाविषयी निष्कर्ष काढता येत नाही. पण घरात खेळाडू असलेल्या कोणालाही हे चित्र ओळखीचे वाटेल. तुमच्या घरीही ही वाटणी झाली. फक्त ती कोणी मोठ्याने बोलून दाखवली नाही, आणि ती करण्याचे काम घरातल्या दोन मोठ्या माणसांऐवजी एका मुलाने आपल्या अंगावर घेतले. आई-बाबांवर मी दोष ठेवत नाही. पण या विषयावर त्यांच्याशी कधीतरी बोलावे लागेल, आणि ते दादाला विश्वासात घेऊन, त्याच्या सोयीने बोलावे लागेल.

दादाशी कसे बोलावे, हे आता पाहू. तुम्ही विचारले तेव्हा तो हसला आणि त्याने विषय बदलला, याचा तुम्हाला त्रास झालेला दिसतो. मला यात नवल वाटत नाही. तुम्ही त्याला, "तू माझ्यासाठी हे केलंस का?" अशा अर्थाचे काहीतरी विचारले असणार. या प्रश्नाला होकार दिला की समोरच्या बहिणीला रडू कोसळणार आणि नकार दिला की खोटे बोलावे लागणार. मग शहाणा माणूस तिकिटांचेच बोलतो. त्याऐवजी त्याला त्याच्या धावण्याविषयी विचारा. त्याची सर्वांत चांगली शर्यत कोणती होती, तेव्हा त्याची वेळ काय होती, त्याला कोणाला हरवायचे होते, नकार कळवायच्या आदल्या रात्री त्याच्या मनात काय चालले होते. तो १९ व्या वर्षी थांबल्यापासून हे त्याला कोणी विचारले असेल, असे मला वाटत नाही. सगळ्यांनी त्याच्या गुडघ्याची विचारपूस केली आणि गुडघ्याविषयीच हळहळ व्यक्त केली.

अमेरिकेतील दुःखाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस अशा दुःखांकडे लक्ष वेधले, ज्यांना भोवतालचे लोक दुःख म्हणून मान्यताच देत नाहीत, आणि त्यामुळे माणसाला त्यांचा शोकही करता येत नाही. धावणे सुटल्याचे दुःख तुमच्या दादाला झाले असेल, तर ते याच जातीचे होते. खरे कारण सांगता येत नव्हते, त्यामुळे खरे दुःखही कोणाजवळ बोलता येत नव्हते. तुम्ही स्वतः धावपटू आहात. मोसमाच्या मध्यावर पोटरी धरली आणि तीन आठवडे ट्रॅकवर जाता आले नाही, तर जीव कसा कासावीस होतो हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्याइतके हे समजून घेऊ शकणारे माणूस त्याच्या आयुष्यात दुसरे बहुधा नाही.

हे बोलणे समोरासमोर बसून करू नका. तुमच्या सरावानंतर पाय मोकळे करत चालताना, किंवा प्रवासात शेजारी शेजारी बसलेले असताना विचारा. एकमेकांच्या डोळ्यांत पाहावे लागत नसेल, तर असे विषय पुरुषांना सोपे जातात, असे निदान माझ्याकडे येणाऱ्या पत्रांवरून दिसते. आणि एक गोष्ट आधीच मनाशी ठरवून ठेवा: तो जे सांगेल ते तुम्ही मान्य कराल. कदाचित तो म्हणेल की, आपली वेळ एका मर्यादेपलीकडे जाणार नाही हे त्याला तोवर कळून चुकले होते, किंवा त्या निवासी केंद्रातले आयुष्य त्याला नकोच होते, किंवा बाबांचे काम सुटले ते एक निमित्त झाले. प्रशिक्षकांनी सांगितली ती त्यांच्या बाजूने दिसलेली गोष्ट आहे, आणि तीही बारा वर्षांनंतर आठवलेली. तुम्ही मनात एक शोकांतिका पक्की करून गेलात आणि तो त्यात बसणारे बोलला नाही, तर तो खोटे बोलतो आहे असे तुम्हाला वाटेल. तो सुखी असू शकतो. या शक्यतेला तुमच्या पत्रात कोठेच जागा दिसली नाही, म्हणून मुद्दाम लिहिले.

आता तुमचा दुसरा प्रश्न. त्याने १९ व्या वर्षी जे सोडले, त्याची परतफेड होऊ शकत नाही. अर्ध्या रकमेने नाही, पदकाने नाही आणि तुम्ही दुःखी राहण्यानेही नाही. पण तुमच्या पत्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली ओळ दुसरीच आहे. प्रवेशिका, प्रवास, फिजिओच्या वेळा, ठावठिकाणा, प्रायोजक. तुम्ही बारा वर्षांपूर्वीच्या त्यागाने व्याकूळ झाला आहात, आणि आज, या आठवड्यातही, नोकरीवरून आल्यावर तो तुमचीच कामे करतो आहे, हे तुम्ही जाता जाता लिहून पुढे गेला आहात. त्याचे देणे संपलेले नाही. ते चालू आहे, आणि जे चालू आहे ते तुम्हाला थांबवता येते.

तुमच्या खेळातले एक उदाहरण सांगते. ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डमध्ये रॉजर बॅनिस्टर यांनी एक मैलाचे अंतर ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत पार केले आणि चार मिनिटांची अडसर प्रथमच ओलांडली, हे तुम्हाला माहीत असणारच. त्या दिवशी पहिले दोन फेरे ख्रिस ब्रॅशर यांनी पुढे राहून वेग राखला, नंतर ख्रिस चॅटवे पुढे आले, आणि शेवटच्या फेऱ्यात बॅनिस्टर त्यांना मागे टाकून निघाले. कोण कोठवर ओढणार हे तिघांमध्ये आधी ठरलेले होते. पुढे चॅटवे यांनी त्याच वर्षी ५००० मीटरचा विश्वविक्रम केला, आणि ब्रॅशर यांनी १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसचे सुवर्णपदक जिंकले. दुसऱ्यासाठी वेग राखणाऱ्या या दोघांना स्वतःच्या शर्यतीही होत्या, कारण पेसरने, म्हणजे वेग राखणाऱ्या धावपटूने, कोठे बाजूला व्हायचे हे ठरलेले असते. दादाला तुमच्या पुढे धावायला लागून बारा वर्षे झाली आणि त्याने कोठे थांबायचे हे अजून कोणी बोललेलेच नाही. ते तुम्ही बोलायला हवे, कारण तो आपण होऊन बोलणार नाही.

सुरुवात ठावठिकाण्याच्या नोंदींपासून करा. चाचणीसाठी नोंदणी असलेल्या खेळाडूला तिमाही आराखडा भरून रोजच्या एका तासाची वेळ आणि जागा कळवावी लागते, आणि बारा महिन्यांत तीन चुका झाल्या तर नियमभंग होऊन बंदीची वेळ येते. हे काम प्रतिनिधीकडे सोपवता येते, पण चूक झाली तर जबाबदार खेळाडूच ठरतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणजे गेली कित्येक वर्षे दादा एक असे काम करतो आहे, ज्यात त्याच्या हातून वारंवार झालेल्या विसरभोळेपणाने तुमची कारकीर्द धोक्यात येऊ शकते. रात्री मुलीला झोपवताना मध्येच उठून, उद्याचा सराव दुसऱ्या मैदानावर हलला आहे हे त्याने भरायचे, हा भार मला १९ व्या वर्षीच्या नकारापेक्षा हलका वाटत नाही. ते काम आजच आपल्याकडे घ्या. फोनवर पाच मिनिटांचे असते, आणि २७ वर्षांच्या खेळाडूला जमण्यासारखे असते.

राहिलेल्या कामांची एक यादी दोघे मिळून करा आणि प्रत्येकापुढे लिहा की हे कोण करणार. काही तुम्ही कराल. काहींसाठी, विशेषतः प्रायोजक आणि करार यांसाठी, मोबदला देऊन एखादा व्यावसायिक माणूस नेमता येईल. बक्षिसाच्या रकमेचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही. आणि काही कामे दादाला मनापासून आवडत असतील. तुमच्या शर्यतींचे नियोजन, प्रतिस्पर्ध्यांचा अभ्यास, सरावाच्या वेळी स्टॉपवॉच धरून उभे राहणे यांत त्याचे धावणे अजून जिवंत असेल, तर ते काढून घेणे हा दुसरा अन्याय होईल. ती त्याच्याकडेच राहू द्या. पण मग ती पदनामासह, ठरावीक मानधनासह, वर्षभराच्या मुदतीने आणि मुदत संपताना 'आता पुरे' म्हणण्याच्या मोकळीकीने राहू द्या. अर्धी रक्कम त्याने नाकारली, कारण ती त्याला भूतकाळाची किंमत वाटली असणार. केलेल्या कामाचे मानधन बहीण देते आहे म्हणून नाकारण्याचे कारण नाही, आणि त्याने नाकारलेच तर ते काम दुसऱ्याला द्यावे लागेल, हे त्याला प्रेमाने पण ठामपणे सांगा.

वहिनींचा उल्लेख तुमच्या पत्रात जवळजवळ नाही. 'लग्न झाले आहे' एवढ्यात तो संपतो. दादाचे जे रविवार तुमच्या स्पर्धांत गेले, ते वहिनींचे आणि त्या लहान मुलीचेही रविवार होते. त्यांना कोणी विचारून ते घेतले नाहीत. कामांची यादी करायला बसाल तेव्हा वहिनींनाही बसवा, आणि त्या बोलतील तेव्हा मध्ये बोलू नका. त्यांच्या तोंडून थोडे कडू ऐकावे लागण्याची शक्यता आहे.

दादाने पुन्हा धावावे, असे तुमच्या मनात येणारच. मास्टर्स अ‍ॅथलेटिक्समध्ये ३५ व्या वर्षापासून वयोगट सुरू होतात, प्रशिक्षकांसाठीचे अभ्यासक्रमही आहेत, आणि ही माहिती त्याला असणारच. त्याने विषय काढला तर मदत करा. बूट भेट देऊन आणि नाव नोंदवून त्याला ढकलू नका. मोकळ्या झालेल्या संध्याकाळी त्याला नुसते घरी बसावेसे वाटले, तर तेही त्याचेच.

या पत्रासारखी परिस्थिती असलेल्या इतर वाचकांसाठीही थोडे लिहिते, कारण खेळाडूंपेक्षा खेळाडूंच्या भावंडांची पत्रे मला अधिक येतात. घरात दोन मुले खेळत असतील आणि एकाचाच खर्च झेपणार असेल, तर आई-वडिलांनी ते मुलांसमोर, आकडे मांडून, स्वतःच्या तोंडाने सांगावे. ऐकायला कठीण जाईल. पण न सांगितल्याने निर्णय टळत नाही, तो घरातले सर्वांत समजूतदार मूल गुपचूप घेऊन टाकते. आणि तुम्ही स्वतः भावासाठी किंवा बहिणीसाठी काही सोडत असाल, तर ते त्याला किंवा तिला आताच सांगा. आपण केलेले बोलून दाखवणे आपल्याकडे कमीपणाचे मानतात, हे मला माहीत आहे. तरीही किती काळ आणि कशासाठी, एवढे तरी ठरवून सांगा, म्हणजे समोरच्यालाही होय किंवा नाही म्हणता येईल, आणि पुढे कधी तुमचे मन बदलले तर तुम्हालाही बाहेर पडता येईल.

पुन्हा तुमच्याकडे वळते. दादा कदाचित कधीच बोलणार नाही. दोन-तीन वेळा विचारूनही त्याने विषय टाळला, तर त्याला एक पत्र लिहा. त्यात आभारांपेक्षा तुम्हाला आता काय कळले आहे आणि पुढे तुम्ही काय बदलणार आहात हे लिहा, आणि उत्तराची वाट पाहू नका. कामे स्वतःकडे घेण्यासाठी त्याच्या कबुलीची गरज नाही, ते तुम्ही याच आठवड्यात सुरू करू शकता. आणि पदकाकडे पाहवत नाही ही अवस्था महिन्या-दोन महिन्यांत सरली नाही, सरावाला जावेसे वाटेनासे झाले किंवा झोप उडाली, तर क्रीडा मानसोपचारतज्ज्ञाची वेळ घ्या. ती वेळ तुमची तुम्हीच घ्या. दादाला घ्यायला सांगू नका.